"पोस्टर पाहिलं का, ताई?" आणि त्या "हो"चं करायचं काय

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी तीन पत्रं एकाच विषयावर आली, म्हणून एकत्रच घेतली. पहिलं उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा.)

प्रश्न १

नमस्कार मॅडम, मी पुण्यात पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करतेय. डिझर्टेशनसाठी नायजेरियाच्या मलेरिया इंडिकेटर सर्वेचा (घरोघरी जाऊन केलेल्या मलेरियाच्या पाहणीचा) डेटा घेतलाय, २०२१ चा. नायजेरियाच का, तर फील्डवर्कला पैसे नाहीत आणि हा डेटा फुकट मिळाला, खरं सांगायचं तर एवढंच. त्यात बायकांना विचारलंय की मागच्या सहा महिन्यांत मलेरियाबद्दल काही पाहिलं-ऐकलं का आणि कुठे. मी ठरवलं की पोस्टर-होर्डिंग, पेपर-मासिक आणि पत्रक हे तीन एकत्र करून "छापील संदेश पोहोचला" असं एक व्हेरिएबल बनवायचं. प्रपोजलचं नाव दिलं, "छापील संदेशांमुळे महिलांमध्ये मच्छरदाणीच्या वापरात होणारी वाढ". गाईड सरांनी "मुळे" वर लाल गोल मारून प्रपोजल परत पाठवलं, खाली एक शब्दही लिहिला नाही. दोन अक्षरांसाठी एवढं? आणि आता मी करू काय?
– विद्यार्थिनी, पुणे

उत्तर

सरांचा गोल बरोबर आहे. माझ्या हातात पेन असतं तर मी "पोहोचला" वर पण एक मारला असता. चिडू नकोस, सांगते.

आधी तो प्रश्न नीट वाच, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. ज्या घरांची निवड झाली तिथल्या १५ ते ४९ वयाच्या सगळ्या बायकांना, म्हणजे राहणाऱ्या आणि आदल्या रात्री तिथे मुक्कामाला असलेल्या पाहुण्या पण, विचारलं जातं, "मागच्या सहा महिन्यांत तुम्ही मलेरियाबद्दल काही संदेश पाहिला किंवा ऐकला का?" हो म्हणाली तरच पुढचा प्रश्न, "कुठे?" आणि इथे इंटरव्ह्यू घेणारीने यादी वाचून दाखवायची नसते. बाई जे स्वतःहून बोलेल त्यावर खूण करायची आणि "अजून कुठे?" असं थोडं उकरायचं. रेडिओ, टीव्ही, पोस्टर-होर्डिंग, पेपर-मासिक, पत्रक, दवाखान्यातला माणूस, गावातली आरोग्यसेविका, सोशल मीडिया, असे पर्याय आत असतात पण बाईला ते दिसत नाहीत. म्हणजे तुझ्या डेटात जो "१" आहे ना, तो पोस्टर पाहिल्याचा नाहीच, तो "पाहिलेलं आठवलं, कुठे पाहिलं ते पण आठवलं, आणि समोरच्या अनोळखी बाईला ते सांगावंसं वाटलं" याचा आहे. आणि "०" मध्ये काय काय आहे ते तर विचारूच नकोस. न पाहिलेल्या, पाहून विसरलेल्या, पोस्टरचं आठवलं पण आधी रेडिओ तोंडात आला आणि मग घरात मूल रडायला लागलं म्हणून "अजून कुठे" ला "बस एवढंच" म्हणून उठलेल्या, सगळ्या त्या एका शून्यात कोंबलेल्या आहेत.

माझी एक गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी विदर्भात एका आरोग्य सर्वेवर सुपरवायझर होते, त्यात असेच दोन प्रश्न होते. एका घरी आमची मुलगी विचारतेय, बाई पोळ्या लाटत लाटत उत्तरं देतेय, "पत्रक वगैरे काही मिळालं का?" तर "नाही बाई, आमच्याकडे कोण येतंय." मी मागे उभी. समोर फडताळ, त्यावर पितळी डबे ओळीने, आणि डब्यांखाली अंथरलेला कागद हिवतापाचं पत्रकच होतं, कडेला कात्रीने छान नक्षी कापून झालर केलेली! डासाचं अर्धं चित्र झालरीत गेलेलं. पत्रक घरात आलंय, रोज तिच्या डोळ्यांसमोर आहे, आणि फॉर्मवर "नाही". मी काही बोलले नाही, सुपरवायझरने मध्ये बोलायचं नसतं, पण तो "नाही" खोटा होता असंही मला वाटत नाही. तिच्या लेखी तो संदेश नव्हताच, तो कागद होता, चांगला जाड गुळगुळीत कागद.

उलट्या बाजूचंही आहे. या सर्वेची टीम येते तेव्हा नुसते प्रश्न विचारून जात नाही, ५ वर्षांच्या आतल्या लेकरांचं बोट टोचून मलेरिया आणि रक्तक्षयाची तपासणी पण करते. ज्या दारात आरोग्य खात्याची वाटावी अशी गाडी उभी आहे तिथल्या बाईला "मलेरियाबद्दल काही पाहिलं का" विचारलं तर "हो हो, दवाखान्यात लावलेलं असतं" म्हणणं फार सोपं, आपण नाही का पाहुण्यांनी विचारलं की "हो, वाचलंय तुमचं पुस्तक" म्हणून मोकळे होतो, तसं. आणि दवाखान्यात पोस्टर असतंच, अंदाजाने सांगितलं तरी बरोबरच येतं!

आता "मुळे". नायजेरियातल्या एखाद्या सरकारी आरोग्य केंद्राचा व्हरांडा डोळ्यांसमोर आण, समज उत्तरेतल्या कानो शहराच्या बाजूचं. गरोदर बाया बाकावर बसल्यात, नंबर यायला वेळ आहे, समोरच्या भिंतीवर मच्छरदाणीत झोपलेल्या आईचं पोस्टर. आता त्या बाईला त्या केंद्रात अजून काय काय मिळतं? गरोदरपणी मलेरिया होऊ नये म्हणून सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनच्या गोळ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या सूचनेप्रमाणे दुसऱ्या तिमाहीपासून, किमान ३ डोस (आपल्याकडे भारतात ही पद्धत नाही, म्हणून आधी माहीत नसेल तर लाजू नकोस). नर्सचं बोलणं मिळतं. आणि स्टॉक असेल तर मच्छरदाणी पण तिथेच मिळते, फुकट. म्हणजे जी बाई तपासणीला गेली तिने पोस्टर पण पाहिलं आणि मच्छरदाणी पण घरी नेली. जी गेलीच नाही, कारण केंद्र लांब, किंवा नवऱ्याने पाठवलं नाही, किंवा भाड्याला पैसे नाहीत, तिला दोन्ही नाही. तुझ्या टेबलात हे कसं दिसणार? पोस्टर पाहिलेल्या बाया मच्छरदाणीत झोपतात! वा! आणि पोस्टरने यात काहीही केलेलं नसेल तरी अगदी असंच दिसेल. पोस्टर हा त्या बाईच्या पायांचा हिशोब आहे, ती कुठे कुठे जाऊ शकते याचा. बाजारात जाणारी होर्डिंग पाहते, दवाखान्यात जाणारी पोस्टर, शिकलेली पेपर वाचते आणि शिकलेलीच्या घरात बहुतेक मच्छरदाणी घ्यायला पैसे पण असतात. म्हणून सरांनी गोल मारला.

त्यात वेळेचा घोळ वेगळा. मच्छरदाणीचा प्रश्न काल रात्रीचा असतो, "काल रात्री या मच्छरदाणीत कोण कोण झोपलं?" संदेशाचा सहा महिन्यांचा. आणि मच्छरदाणी स्वतः दोन-तीन वर्षांपूर्वीच्या वाटपातली असू शकते. ती बाई आधीपासूनच मच्छरदाणीत झोपत असेल, आणि झोपते म्हणूनच मच्छरदाणीचं पोस्टर दिसल्यावर तिचं लक्ष गेलं असेल. नवीन गाडी घेतली की रस्त्यावर सगळीकडे तीच गाडी दिसायला लागते ना, तसं. मग बाण कुठून कुठे काढणार?

आता तू विचारशील मग करू काय, डेटा तर हातात आहे. करण्यासारखं बरंच आहे, उलट मला तर वाटतं तुझा विषय आता जास्त चांगला होईल.

पहिलं म्हणजे प्रश्न उलटा कर. "पोस्टरमुळे काय झालं" ऐवजी "पोस्टर कुणाला आठवतं" हे शोध. आठवण हाच निकाल धर आणि शिक्षण, घरची ऐपत (वेल्थ क्विन्टाइल, म्हणजे ऐपतीप्रमाणे पाडलेले पाच गट, डेटात तयार असतो), शहर-खेडं, नायजेरियाच्या सहा झोनपैकी कुठला झोन, आणि अलीकडच्या गरोदरपणात तपासणीला गेली होती की नाही, हे सगळं टाकून बघ. मला खरंच उत्सुकता आहे की तपासणीला गेलेल्या आणि न गेलेल्या बायांत "पोस्टर" चा फरक किती आणि "रेडिओ" चा फरक किती. रेडिओ घरात येतो, पोस्टरकडे तुम्हाला जावं लागतं. पोस्टरमधला फरक रेडिओपेक्षा खूप जास्त निघाला तर वरचं माझं बोलणं तुझ्या डेटात उभं राहील, नाही निघाला तर मला पत्र लिहून खोडून काढ, छापू आम्ही.

मच्छरदाणीच्या वापराचं करायचंच असेल तर सगळ्या बायांवर करू नकोस. ज्या घरात मच्छरदाणीच नाही तिथली बाई पोस्टर पाठ करून पण काय करणार आहे? या सर्वेत एक मच्छरदाणी दोन माणसांना पुरते असं धरून, घरातल्या सगळ्यांना पुरेशा आहेत का ते काढतात, त्याला ॲक्सेस म्हणतात. ज्यांच्या घरी पुरेशा आहेत तेवढ्याच बायका घे आणि मग बघ की आठवण असलेल्या आणि नसलेल्यांत फरक उरतो का. उरला तर लिही "संबंध दिसतो". "मुळे" तरी नाहीच.

दुसरं, छेद काय घेतलास ते टेबलाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिही. इथे भले भले आपटतात. समज १००० बायकांना विचारलं, त्यातल्या ४०० म्हणाल्या काहीतरी पाहिलं-ऐकलं, आणि त्या ४०० मधल्या १०० म्हणाल्या पोस्टर. आता पोस्टर २५ टक्के की १० टक्के? दोन्ही बरोबर आहेत! (आकडे माझे आहेत हं, समजवायला घेतलेत.) या सर्वेंच्या रिपोर्टात माध्यमांचं टेबल बऱ्याचदा "ज्यांनी काही पाहिलं-ऐकलं त्यांच्यापैकी" असंच असतं आणि कुणीतरी घाईत ते उचलून "देशातल्या पाव महिलांपर्यंत पोस्टर पोहोचलं" करून टाकतं. शिवाय एका बाईची तीन उत्तरं असू शकतात, त्यामुळे बेरीज १०० च्या वर जाते, ते बघून घाबरून जाऊ नकोस आणि जबरदस्तीने १०० पण करू नकोस. वेट (प्रत्येक बाईच्या उत्तराला द्यायचं वजन) लावायचं विसरू नकोस हे तुला सर सांगतीलच.

तिसरं, ते "छापील" चं गाठोडं सोड. पोस्टर आणि होर्डिंग आधीच एका पर्यायात बांधलेलं आहे, ते तुला सोडवता येणार नाही, पण त्यात पेपर घालून अजून घोळ करू नकोस. पेपर वाचायला वाचता यावं लागतं. पोस्टर चित्र असतं, न वाचता कळू शकतं, निदान पोस्टर काढणाऱ्याला तरी तसं वाटत असतं. आणि वाचता येतं की नाही हे या सर्वेत नुसतं विचारत नाहीत, कार्ड हातात देतात. जास्त शिकलेल्या बाया सोडून बाकीच्यांना एक छोटं वाक्य वाचायला देतात. मूळ नमुन्यातली वाक्यं मला फार आवडतात, अगदी साधी: आईवडील मुलांवर प्रेम करतात. शेतीचं काम कष्टाचं असतं. मूल पुस्तक वाचतंय. बाईने पूर्ण वाचलं, थोडं वाचलं, की अजिबात नाही, यावर खूण. आणि अजून एक खूण आहे जिच्याकडे कुणी बघत नाही: "हव्या त्या भाषेतलं कार्ड नव्हतं". नायजेरियात ही खूण किती महत्त्वाची आहे बघ. उत्तरेत हौसा भाषा बोलतात, ती रोमन लिपीत लिहितात आणि अरबी वळणाच्या लिपीत पण, तिला अजमी म्हणतात. मदरशात शिकलेली बाई अजमी वाचू शकेल आणि रोमन अक्षर तिला काळं पांढरं असेल. तिला निरक्षर धरायचं? तिच्यासमोरचं पोस्टर कुठल्या लिपीत होतं? तुझ्या डेटात पोस्टरची लिपी नाही, आणि असणारही नाही, पण एक परिच्छेद तरी यावर लिही. परीक्षक खूश होतील आणि मुख्य म्हणजे ते खरं आहे.

शब्दाचा पण घोळ असतो. हौसात मलेरियाला म्हणतात झाझ्झाबिन चिझोन साउरो, म्हणजे डास चावल्याचा ताप. प्रश्न हौसा, योरूबा, इग्बो अशा भाषांत विचारतात, पण बाईच्या डोक्यात नुसता "ताप" असेल तर तापाचं पोस्टर ती मलेरियाचं म्हणून सांगेल का? (यावर गडचिरोलीच्या पत्रात खाली आहे, ते पण वाच.)

आणि जर कधी स्वतःचा सर्वे करायची वेळ आली, पैसे मिळाले, तर मग मजा आहे. आधी न सुचवता विचारायचं, मग पोस्टर काढून दाखवायचं आणि "हे पाहिलंय का" विचारायचं. आणि त्या गठ्ठ्यात एक असं पोस्टर घालायचं जे कधी कुठे लावलेलंच नाही. त्यालाही "हो, पाहिलंय" म्हणणाऱ्या बाया निघणारच, त्यावरून तुझ्या बाकीच्या "हो" मधलं पाणी किती ते कळतं. मग "त्यात काय सांगितलं होतं?" विचारायचं. टांझानियात "झिंदुका! मलेरिया हाइकुबालिकी" अशी मोहीम झाली होती, जागे व्हा, मलेरिया खपवून घेणार नाही, असा साधारण अर्थ. अशी ठरलेली घोषणा असली की "ही ओळ ऐकलीय का, पुढे काय आहे" असं विचारता येतं. "मलेरियाबद्दल काहीही" हा प्रश्न फार सैल आहे, मासे पकडायच्या जाळ्याने पीठ चाळल्यासारखा.

पण सैल का ठेवला तेही समजून घे, उगाच नावं ठेवू नकोस. तोच प्रश्न वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वर्षी विचारता यावा म्हणून. डीएचएस प्रोग्राम, म्हणजे देशोदेशी घरोघरी जाऊन लोकसंख्या आणि आरोग्याची पाहणी करायचा कार्यक्रम, १९८४ पासून चालू होता, हे मलेरियाचे सर्वे त्याच घरातले, अमेरिकेच्या पैशावर चालणारे, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तो पैसा थांबला. जगातल्या मलेरियाच्या केसेसपैकी साधारण पाव हिस्सा एकट्या नायजेरियात, तिथली २०१०, २०१५, २०२१ अशी सर्वेची ओळ आहे. सैल का असेना, अशी मापं पुन्हा कधी मिळतील कुणास ठाऊक. फक्त दोन वर्षांची तुलना करायच्या आधी दोन्ही प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून पर्याय जुळतात का बघ, प्रत्येक वेळी देश त्यात आपापले पर्याय घालतात-काढतात.

शीर्षक सुचवू? "मलेरियाचे छापील संदेश कुणाला आठवतात: नायजेरियातल्या महिलांचा अभ्यास". सरांना गोल मारायला जागा नाही.

प्रश्न २

ताई नमस्कार. मी भामरागड तालुक्यात आशा आहे. जूनमध्ये हिवताप विरोधी महिना असतो, आम्ही पोस्टर लावले, पत्रकं वाटली, घरोघरी जाऊन चित्रं दाखवून सांगितलं. नंतर काही लोक पाहणीला आले, बायांना विचारलं पोस्टर पत्रक पाहिलं का, बऱ्याच बाया नाही म्हणाल्या. मीटिंगमध्ये आम्हालाच बोलणी बसली की पोस्टर नुसते गठ्ठ्यात ठेवले. आम्ही खोटं बोलतो का? रक्ताची टेस्ट आम्ही करतो, गोळ्या आम्ही देतो, रात्री कुणाला ताप आला तरी आम्हालाच उठवतात.
– एक आशा, जि. गडचिरोली

उत्तर

ताई, तुमचं पत्र वाचून मला माझं फडताळ आठवलं (वरच्या उत्तरात आहे). तुम्ही खोटं बोलत नाही आणि त्या बाया पण नाही.

तुम्ही लिहिलंय ना "चित्रं दाखवून सांगितलं", तिथेच गंमत आहे. तुम्ही चित्रांचं पुस्तक मांडीवर उघडून, पान उलटत उलटत बोललात. नंतर त्या बाईला विचारलं "मलेरियाचं कुठे पाहिलं-ऐकलं" तर ती काय म्हणेल? "आमच्या आशाताईनं सांगितलं." झालं. खूण "आरोग्यसेविका" वर पडली, पोस्टर-पत्रक वर नाही. छापलेलं तुमच्या हातात होतं पण लक्षात तुम्ही राहिलात. आता ही तक्रार आहे की कौतुक, तुम्हीच ठरवा. पण पुढच्या मीटिंगला जाताना एवढं विचारा की "आशाने सांगितलं" असं किती बाया म्हणाल्या तो आकडा पण वाचून दाखवा. पोस्टरचा आकडा एकटा वाचायचा नसतोच.

दुसरं, पोस्टर कुठे लावले? बहुतेक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, शाळेच्या दारावर, उपकेंद्रात. ग्रामपंचायतीत बाया किती जातात? हापशीवर जातात, अंगणवाडीत जातात, रेशनच्या लायनीत तासभर उभ्या राहतात. रेशन दुकानाच्या भिंतीवर लावलेलं पोस्टर बायका नाइलाजाने वाचतात, दुसरं करायला काही नसतं. (पावसात कागद टिकत नाही हे मला माहितेय, जूनमध्ये पोस्टर लावायला सांगणाऱ्यांना बहुतेक माहीत नसावं.)

आणि शब्द. खात्याचं पोस्टर म्हणतं "हिवताप". अधिकारी पण जिल्हा हिवताप अधिकारी. लोकांच्या तोंडात "मलेरिया" नाहीतर "थंडीताप". तुमच्या भागात तर बाया घरी माडिया बोलतात, पोस्टर मराठीत, आणि पाहणीवाला कुठल्या भाषेत विचारत होता? त्याने "हिवतापविषयक मुद्रित साहित्य आपल्या निदर्शनास आले का" असं कागदावरून वाचलं असेल तर मी पण नाही म्हटलं असतं. खरंच, पुढच्या वेळी पाहणी आली की जवळ उभ्या राहा, मध्ये बोलू नका, फक्त तो नेमके कुठले शब्द वापरतो ते वहीत लिहून घ्या. आणि पाहणी कधी झाली, तारीख पण. जूनचं विचारायला कुणी जानेवारी-फेब्रुवारीत आलं तर सहा महिन्यांच्या खिडकीतून जून बाहेर गेलेला असतो. मलेरियाचे मोठे सर्वे पावसाळा संपता संपता, ताप जोरात असताना करायचा प्रयत्न करतात. तेव्हा लेकरांच्या रक्तातपण सापडतो आणि मच्छरदाण्या पण खाली उतरलेल्या असतात, आडव्याला बांधून ठेवलेल्या नसतात.

अजून एक विचारून बघा, मला उत्तर कळवा. फवारणीवाले घराच्या भिंतीवर तारीख टाकून जातात, ते बाया "मलेरियाचं लिहिलेलं" धरतात का? मच्छरदाणीच्या पिशवीवर सूचना छापलेल्या असतात, त्या धरतात का? सर्वेच्या यादीत त्यांना घरच नाही.

बोलणी बसली त्याचं वाईट वाटलं. महाराष्ट्रात मलेरियाचा मोठा भार तुमच्या जिल्ह्यावर, आणि हिशोब मागतात पोस्टरचा.

प्रश्न ३

हे सगळे सर्वे बायकांनाच का विचारतात? पोस्टर पुरुष वाचत नाहीत का? आणि आपल्या भारतात असा प्रश्न विचारतात का?
– निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर

सर, मलेरिया इंडिकेटर सर्वेतल्या बायकांच्या प्रश्नपत्रिकेचा बराचसा भाग गरोदरपण आणि लहान मुलांच्या तापाबद्दल असतो, त्यामुळे १५ ते ४९ वयाच्या बाईपाशी बसायचंच असतं, तिथेच हे दोन प्रश्न जोडले. पुरुषांसाठी वेगळी टीम, वेगळा वेळ, वेगळा पैसा. त्यामुळे मच्छरदाणी विकत घ्यायचा पैसा ज्याच्या खिशात आहे त्याला पोस्टर दिसलं का हे बऱ्याच ठिकाणी कुणालाच माहीत नसतं, ही उणीव आहेच.

आपल्याकडे एनएफएचएस आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, मुंबईत देवनारला जी लोकसंख्या विज्ञान संस्था आहे ती त्याचं काम बघते. त्यात ५४ वर्षांपर्यंतच्या पुरुषांना पण विचारतात, सगळ्या घरांत नाही पण काही घरांत. माध्यमांचा प्रश्न मात्र मलेरियाचा नाही, कुटुंबनियोजनाचा आहे: मागच्या काही महिन्यांत रेडिओवर, टीव्हीवर, पेपर-मासिकात, भिंतीवर रंगवलेलं किंवा होर्डिंगवर काही पाहिलं का. एक फरक बघा, इथे एकेक माध्यमाचं नाव घेऊन विचारतात, बाईला आठवून सांगावं लागत नाही. त्यामुळे "हो" जास्त येणारच, आणि आफ्रिकेतल्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवून "बघा आपण किती पुढे" करायला जाऊ नये. वाचता येतं का त्याचं कार्ड मात्र इथेही आहे, २०१९-२१ च्या फेरीत नववी किंवा जास्त शिकलेल्या बाया सोडून बाकीच्यांच्या हातात ते दिलं होतं.

पुरुष पोस्टर वाचतात का म्हणालात ना, तर हा कॉलम लिहिताना मी आमच्या घरात एक सर्वे केला. सँपल साइज एक. आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टशेजारी डेंग्यू-मलेरियाचं महापालिकेचं पोस्टर आहे, कुंड्यांतलं पाणी काढा, टाकी झाका वगैरे, तीन महिने झाले असतील. मी यांना जेवताना विचारलं, मागच्या सहा महिन्यांत मलेरियाबद्दल कुठे काही पाहिलं का हो? म्हणाले, "नाही बुवा." नीट आठवा, अजून कुठे? "नाही. हां, व्हॉट्सॲपवर काहीतरी आलं होतं, पपईच्या पानांचं." हे सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. ते पोस्टर यांनीच चिकटवलंय, टेप मीच धरून दिली होती.